आजींचा टीव्ही आणि दोन मेगाबिट

"हल्ली टीव्हीवरची माणसं पुटपुटतात," आमच्या घरमालकीण आजी म्हणाल्या.

एप्रिल २०१२ मधली गोष्ट. मी तेव्हा दक्षिण लंडनमध्ये त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली घेऊन राहत होतो. डॉक्टरेटचं पहिलं वर्ष, विषय व्हिडिओ कॉम्प्रेशन. म्हणजे कमीत कमी बिट्समध्ये चित्र कसं बसवायचं आणि बघणाऱ्याला ते कळू कसं द्यायचं नाही. (माझ्या आजोळी या विषयाचं वर्णन "कंडक्टरचं काम" असं केलं गेलं होतं: चाळीस सीटांच्या गाडीत साठ माणसं बसवायची आणि कोणी बोंब मारू द्यायची नाही. मला ते अजूनही मान्य आहे.)

आजींचं वय ७८. त्यांना इथल्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारायला हवी होती, तसं त्यांनी दोनदा बजावलंही होतं. पण इतक्या वयाच्या बाईला एकेरी नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना. मग मी हाकच मारायचं टाळायचो, समोर जाऊन उभा राहायचो. ते एका परीने बरंच होतं, कारण आजींना ऐकायला फार कमी यायचं. तरुणपणी एका कापडाच्या गिरणीत नोकरी केलेली. तिथे मागांच्या खडखडाटात कोणालाच काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळ्या बायका ओठांवरून एकमेकींचं बोलणं ओळखायच्या. लँकशायरच्या गिरण्यांमध्ये ही जवळजवळ वेगळी भाषाच होती. पुढे कान गेले तेव्हा ही विद्या कामाला आली. समोर उभं राहून बोललं की आजींना सगळं कळायचं. पाठ फिरवून बोललं की काही नाही.

तर पुटपुटणारी माणसं. त्या एप्रिलमध्ये लंडनमधलं ॲनालॉग टीव्ही प्रक्षेपण बंद झालं. ४ एप्रिलला बीबीसी टू, आणि १८ एप्रिलला उरलेलं सगळं. आमच्या गल्लीच्या टोकावरून क्रिस्टल पॅलेसचा मनोरा दिसायचा, २१९ मीटर उंच. त्या मनोऱ्यावरून १९५६ पासून चाललेली गोष्ट एका रात्रीत संपली. पंचाहत्तरीच्या पुढच्या लोकांसाठी सरकारने मदत योजना काढली होती, चाळीस पौंडांत डबा आणि जोडून द्यायला माणूस. आजींकडे तो माणूस येऊन गेला होता. डबा छान चालत होता. चार-पाच चॅनलची जागा चाळीसहून जास्त चॅनलनी घेतली होती. आणि आजी म्हणत होत्या, माणसं पुटपुटतात.

मी आधी हसलो. मग अगदी इंजिनियरी तोऱ्यात त्यांना समजावलं की डिजिटल चित्र ॲनालॉगपेक्षा स्वच्छ असतं, मुंग्या नाहीत, सावल्या नाहीत.

आता मुंग्या म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या पुण्याच्या घरी गच्चीवर अँटेना होता, सिंहगडाकडे तोंड करून. जोराचा वारा सुटला की तो फिरायचा, मग बाबा गच्चीवर, मी जिन्यात आणि आई टीव्हीसमोर. "आला का?" "आला, आला... गेला!" "आता?" "आता नुसत्या मुंग्या!" असा तीन मजली संवाद. पण त्या मुंग्यांमधूनही माणूस दिसायचा, हे महत्त्वाचं. ॲनालॉग चित्र बिघडायचं ते वयस्कर माणसासारखं, हळूहळू. आधी थोड्या मुंग्या, मग जास्त मुंग्या, रंग जायचे, तरी बातम्या देणाऱ्या बाईंचे ओठ हलताना दिसायचे. डिजिटल चित्राचं तसं नाही. ते एकतर ठणठणीत असतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गोठतं, नाहीतर काळा पडदा.

पण आजींची तक्रार गोठण्याची नव्हती. चित्र ठणठणीत होतं. तरी त्यांना वाचता येत नव्हतं.

इथे थोडं मागे जाऊ, कारण टीव्हीच्या चित्राचा आकार कसा ठरतो हे मला स्वतःला इथे आल्यावरच नीट कळलं. भारतात शिकताना ६२५ रेषा, ५ : ५० चा तास, परीक्षेत आकृती काढा, आठ गुण, एवढंच होतं. आपण समजतो की कोणीतरी विचार करून ठरवलं असेल, चित्र असं असं छान दिसतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आधी रस्ता किती रुंद आहे ते ठरलेलं असतं आणि मग त्यात बसेल एवढी गाडी बांधतात.

जॉन लोगी बेअर्डने २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनच्या सोहो भागात, फ्रिथ स्ट्रीटवरच्या माडीवर, रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना टीव्ही दाखवला. त्याचं चित्र ३० रेषांचं. तीसच का? कारण १९२९ मध्ये बीबीसीवरून प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं ते मीडियम वेव्हवर, म्हणजे रेडिओच्या बाजूला एका आवाजापुरती जी जागा असते तेवढ्यात चित्र कोंबायचं होतं. तीस रेषा, प्रत्येक रेषेवर सत्तरेक ठिपके, सेकंदाला साडेबारा चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला सव्वीस हजार ठिपके होतात. त्या रस्त्यावरून एवढंच जेमतेम जाणार. आणि गंमत म्हणजे ते चित्र आडवं नव्हतं, उभं होतं, ७ : ३ प्रमाणात, आणि रेषाही उभ्या. कारण इतक्या कमी ठिपक्यांत नाटक-बिटक दाखवणं शक्य नव्हतं, एका माणसाचा चेहरा आणि खांदे एवढंच जमायचं आणि माणूस उभा असतो. थोडक्यात, टीव्हीचा पहिला पडदा हा आजच्या मोबाइलसारखा उभा होता आणि त्यात जे पहिलं धडपणे दाखवायचं ठरलं ते बोलणारा चेहरा.

२ नोव्हेंबर १९३६ ला अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली तेव्हा दोन पद्धती एकाआड एक आठवडा चालवायचं ठरलं होतं. एक बेअर्डची २४० रेषांची, दुसरी मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची. त्याच महिन्याच्या ३० तारखेला क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथली बेअर्डच्या कंपनीची बरीच सामग्री जळाली. पण बेअर्ड हरला तो आगीमुळे नव्हे. त्याच्या यंत्रात बऱ्याच कार्यक्रमांचं आधी फिल्मवर चित्रण व्हायचं, मग ती ओली फिल्म धुऊन लगेच स्कॅन करायची. कॅमेरा जागचा हलायचा नाही. फेब्रुवारी १९३७ मध्ये ती पद्धत बंद झाली.

४०५ रेषावाल्यांनी एक युक्ती केली होती, ती आपण सगळ्यांनी पुढची सत्तर वर्षं पाहिली, नकळत. सगळ्या रेषा एका दमात पाठवायच्या नाहीत. आधी १, ३, ५, ७ अशा विषम रेषा, मग सम रेषा. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. डोळ्याला हालचाल पन्नासाच्या वेगाने दिसते आणि रस्ता मात्र पंचवीस चित्रांएवढाच लागतो. अर्ध्या तिकिटात पूर्ण प्रवास. याला इंटरलेसिंग म्हणतात आणि माझ्या मते विसाव्या शतकातलं ते सर्वात यशस्वी कॉम्प्रेशन आहे, जरी त्याला तेव्हा कोणी तसं म्हणत नसलं तरी. (आजच्या सपाट पडद्यांवर याच इंटरलेसिंगने आम्हा लोकांचा जीव खाल्ला आहे, ते पुन्हा कधीतरी.)

पुढे २० एप्रिल १९६४ ला बीबीसी टू ६२५ रेषांवर सुरू झालं, आठ मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये. १९६७ मध्ये रंग आला, तोही त्याच आठ मेगाहर्ट्झमध्ये, काळ्या-पांढऱ्याच्या फटींमध्ये बसवून. ६२५ पैकी चित्राच्या अशा ५७५-७६ च रेषा, बाकीच्या रिकाम्या. त्या रिकाम्या रेषांत १९७४ पासून सीफॅक्स नावाची मजकुराची पानं जाऊ लागली. आजींचं पान ८८८. ते लावलं की पडद्यावर सबटायटल्स. रिकाम्या जागी काहीतरी बसवायची ही वृत्ती मला अगदी आपल्याकडची वाटते, जिन्याखाली न्हाणीघर काढल्यासारखी.

आणि आता डिजिटल. त्याच आठ मेगाहर्ट्झमधून २४ मेगाबिट प्रति सेकंद जातात. कॅमेऱ्यातून आलेलं साधं, न दाबलेलं चित्र २१६ मेगाबिटचं असतं. म्हणजे खरं तर एकही चॅनल बसत नाही. पण एमपीईजी-२ ने दाबलं की एक चॅनल चार-पाच मेगाबिटमध्ये उत्तम बसतं आणि दोन मेगाबिटमध्ये "चालण्यासारखं" बसतं. उत्तम हवं तर पाच चॅनल, चालण्यासारखं हवं तर बारा. अशा एका गठ्ठ्याला मल्टिप्लेक्स म्हणतात, पॉपकॉर्नशिवायचं. इथे असे सहा गठ्ठे होते.

या गठ्ठ्याचा इतिहासही मजेदार आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये ऑनडिजिटल नावाची पैसे देऊन बघायची सेवा सुरू झाली, तिने जास्तीत जास्त बिट्स कोंबले. पण तेव्हा ॲनालॉगही चालू असल्यामुळे डिजिटलची ताकद कमी ठेवावी लागायची, आणि जुन्या अँटेनांवर ते टिकत नव्हतं. शेजारच्याने मोटरसायकल सुरू केली की चित्र गोठायचं. २००२ मध्ये ती कंपनी बुडाली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस फ्रीव्ह्यू आलं, तेव्हा काही गठ्ठे २४ वरून १८ मेगाबिटवर आणले. कमी सामान, पण गाडी उलटत नाही. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मला हा निर्णय फार आवडतो, कारण त्यात कोणीतरी "जास्त" सोडून "नक्की" निवडलं होतं. ॲनालॉग बंद झाल्यावर ताकद वाढवता आली आणि गठ्ठे पुन्हा २४, काही २७ वर गेले. आणि ती वाढीव जागा अर्थातच चांगल्या चित्राला नाही, आणखी चॅनलना गेली.

आजींना आवडणाऱ्या जुन्या मालिकांची पुनःप्रक्षेपणं ज्या चॅनलवर लागायची (नाव सांगत नाही) ते असंच दोन मेगाबिटच्या आसपासचं. त्याचं चित्र ७२० ऐवजी ५४४ पिक्सेल रुंदीचं. टीव्ही ते ताणून पूर्ण पडद्याला लावतो, प्रेक्षकाला कळत नाही. आणि त्यावर सबटायटल्स नसायची, छोट्या चॅनलना त्यात सूट होती.

मी एका रविवारी आजींशेजारी बसलो आणि आवाज बंद करायला सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मी टीव्हीकडे ओठ बघण्यासाठी बघत होतो.

हिशोब सोपा आहे. कमरेपासून वर माणूस दिसतो अशा दृश्यात तोंड साधारण ४० पिक्सेल रुंद असतं. ५४४ च्या चित्रात तेच ३० पिक्सेल. एन्कोडर चित्राचे १६ बाय १६ चे चौकोन पाडतो. म्हणजे अख्खं बोलणं दोन चौकोनांत चाललेलं असतं. एन्कोडर आळशी असतो, तसा तो मुद्दाम बनवलेला असतो. एखादा चौकोन मागच्या चित्रातल्यासारखाच आहे असं वाटलं की तो काही पाठवतच नाही, "मागचाच वापरा" एवढा निरोप देतो. बिट्स कमी असले की त्याला बरंच काही मागच्यासारखंच वाटू लागतं. आता प, ब, म म्हणताना ओठ मिटतात ते किती वेळ? दोन-तीन चित्रांपुरते. फ आणि व म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर क्षणभर दिसतात, एक-दोन पिक्सेलची पांढरी रेघ. हे एवढंसं काय पाठवायचं, असं एन्कोडरला वाटतं. मागे पडदा हलत असेल, झाडाची पानं हलत असतील, तर तो बिट्स तिकडे खर्च करतो, कारण तिथे पिक्सेल जास्त बदलतात.

ओठ वाचणाऱ्याचं आधीच अर्धं ऐकणं अंदाजाने चालतं. पार, बार, मार हे तीन शब्द ओठांवर अगदी एकसारखे दिसतात. संदर्भाने ओळखायचे. त्यात ओठ मिटलेच नाहीत असं दिसलं, तर संदर्भ तरी कुठवर पुरणार? आजींचं म्हणणं शब्दशः खरं होतं. टीव्हीवरची माणसं पुटपुटत होती. आम्ही त्यांना पुटपुटायला लावलं होतं.

"आम्ही" म्हणतोय ते उगाच नाही. त्याच महिन्यात मी प्रयोगशाळेत प्रेक्षकांच्या चाचण्या घेत होतो. याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे, आयटीयूची बीटी.५०० नावाची शिफारस. अंधारी खोली, ठरावीक अंतरावर खुर्ची, दहा-दहा सेकंदांच्या फिती, एकापासून पाचापर्यंत गुण द्या, पाच म्हणजे उत्कृष्ट. प्रेक्षक निवडताना त्यांची नजर तपासतात, रंगांधळे नाहीत ना ते बघतात. फितींना आवाज नसतो. कानांचं कोणी विचारत नाही, कारण चित्राचा कानाशी काय संबंध? माझे प्रेक्षक म्हणजे विद्यापीठातली वीस-पंचवीस वर्षांची मुलं. फिती म्हणजे फुटबॉल, कारंजं, गर्दीचा रस्ता, मोबाइलसारखं काहीतरी विकणारी बाई. सगळ्यांचे गुण मिळवायचे, सरासरी काढायची, आणि सरासरीपासून फार लांब जाणारा प्रेक्षक सापडला तर त्याला वगळायचीही पद्धत आहे. मग आलेख. त्या आलेखात एक कोपर असतं, त्याच्या पलीकडे बिट्स वाढवले तरी गुण फारसे वाढत नाहीत. ते कोपर सापडलं की संशोधक खूश आणि त्याला पैसे देणाराही खूश. माझं कोपर दोन मेगाबिटच्या जरा अलीकडे आलं होतं आणि मी ते एका सभेत मोठ्या अभिमानाने दाखवून आलो होतो.

त्या आलेखात काही खोटं नव्हतं. चाचणी नियमाप्रमाणे झाली होती. फक्त प्रेक्षकांना विचारलेला प्रश्न "चित्र कसं दिसतं?" हा होता, "ती बाई काय म्हणाली?" हा नव्हता.

मग मी आजींनाच प्रयोगशाळा केलं. संध्याकाळी जेवणं झाली की माझा लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडायचा. बातम्यांची फीत, आवाज बंद, वेगवेगळ्या बिटरेटला दाबलेली, आणि त्या वहीत लिहायच्या काय ऐकलं ते. हो, "ऐकलं" हाच शब्द त्या वापरायच्या. चार मेगाबिटला वाक्यं यायची. खाली येता येता शब्द गळायचे, आधी छोटे, मग नावं. माझ्या कोपरापाशी, जिथे मुलांनी "चांगलं" म्हणून चार गुण दिले होते, तिथे आजींनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ही बाई सुंदर दिसते, पण ही बोलत नाहीये, च्युइंगगम चघळतेय." एका माणसावर केलेला प्रयोग म्हणजे प्रयोग नव्हे, हे मला कळतं, म्हणून आकडे देत नाही. मात्र तो प्रयोग करून बघेपर्यंत माझ्या डोक्यात हा प्रश्नच आला नव्हता, याची मला चांगलीच लाज वाटली.

तसं हे कोणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. व्हिडिओ फोनसाठी आयटीयूने १९९९ मध्येच एक पुरवणी काढली होती, खुणांची भाषा आणि ओठ वाचणं यांना किती चित्रं लागतात त्यावर. सेकंदाला वीस असतील तर बरं, बाराच्या खाली गेलात तर उपयोग फार थोडा. पण ती फोनवाल्यांची. टीव्हीवाले वेगळ्या मजल्यावर बसतात.

बिटरेट कापल्याची तक्रार प्रेक्षकांनी केल्याचं मोठं उदाहरण मी इथे येण्याच्या आदल्याच वर्षी घडलं होतं. ऑगस्ट २००९ मध्ये बीबीसी एचडीने आपला बिटरेट १६ मेगाबिटवरून ९.७ वर आणला. नवीन एन्कोडर आलेत, तितकंच चांगलं चित्र कमी बिट्समध्ये होतं, असं त्यांचं म्हणणं. तत्त्वतः ते चूक नाही, एन्कोडर दरवर्षी सुधारतातच, आमची पोटं त्यावरच चालतात. पण प्रेक्षकांनी गदारोळ केला. लोकांनी हजारो पौंडांचे मोठे पडदे घेतले होते, त्यांना धुकं दिसत होतं, गवत विरघळत होतं. महिनोन्‌महिने पत्रव्यवहार, वाद, पडद्याचे फोटो, आणि पुढे २०१० मध्ये बदलत्या बिटरेटसारख्या सुधारणा झाल्या. मी तो सगळा वाद नंतर वाचून काढला. तक्रार करणारे सगळे गवत बघत होते. फुटबॉलच्या मैदानावरचं गवत. ओठांबद्दल मला त्यात काही आढळलं नाही. ज्यांचे कान गेलेत अशा ७८ वर्षांच्या बायका वाद घालायला बसत नाहीत. त्यांना वाटतं आपलेच डोळे गेले.

आजींनाही तसंच वाटलं होतं. माझ्याशी बोलायच्या आधी त्या चष्म्याच्या दुकानात जाऊन आल्या होत्या. नवीन चष्म्याचे पैसे भरून.

सबटायटल्स होती की, असं तुम्ही म्हणाल. मोठ्या चॅनलवर होती, आणि इथे त्याबाबतीत खरोखर कौतुक करण्यासारखं काम झालंय. पण थेट कार्यक्रमात ती मागून येतात. एक माणूस कानाला हेडफोन लावून ऐकतो, तेच सपाट आवाजात संगणकाला सांगतो, संगणक अक्षरं करतो. पाच-सहा सेकंद सहज जातात. तोवर बोलणारा बदललेला असतो. आजी अक्षरं आणि ओठ दोन्ही एकदम वाचायच्या, ओठांवरून कोण आणि केव्हा, अक्षरांवरून काय. एकाशिवाय दुसरं लंगडं.

यातला एक तुकडा आपल्याकडचा. रविवारी दुपारी दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी बातम्या लागायच्या, आठवतं? आम्ही पोरं त्या बाईंच्या हातांची नक्कल करायचो आणि आईचा धपाटा खायचो. आज वाटतं, त्या मुंग्यांच्या, सावल्यांच्या चित्रात ते हात मात्र लख्ख दिसायचे. एका माणसाला अख्खा रस्ता दिलेला होता.

बरं, त्या वर्षी बाबांकडेही टीव्हीची क्रांती चालू होती. त्यांनी बत्तीस इंची चपटा टीव्ही घेतला होता. १६ : ९ चा पडदा आणि केबलवर जुनं ४ : ३ चं चित्र. ते ताणून लावलं की माणसं बरोबर एक तृतीयांश जाड होतात. मी फोनवर सेटिंग सांगितलं, चित्र मूळ आकारात आलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. बाबा म्हणाले, "अरे, पण मी पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत ना?" दुसऱ्या दिवशी माणसं पुन्हा जाड. या १६ : ९ ची कथा अशी की १९८० च्या दशकात आरसीएच्या कर्न्स पॉवर्सने सिनेमाचे आणि टीव्हीचे सगळे आकार एकावर एक मांडून मधला काढला. ४ : ३ आणि सिनेमाचा २.३५ यांचा भूमितीय मध्य घेतला की १.७७ येतो. कोणाचंच नीट बसत नाही, पण सगळ्यांचं थोडं थोडं बसतं. इथे बीबीसीने तर ॲनालॉग असेपर्यंत जुन्या टीव्हीवाल्यांसाठी १४ : ९ असा मधल्याचाही मधला काढला होता. तडजोडीचं नातवंड.

प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी "मर्यादा" या मथळ्याखाली आजींचा एक परिच्छेद घातला. अर्थात आजी म्हणून नाही, "दृश्य भाषणावर अवलंबून असणारे प्रेक्षक" म्हणून. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्यावर एकच प्रश्न विचारला, चेहरा ओळखून तिथे जास्त बिट्स दिले तर? मी म्हटलं, देता येतात, ते गणित मी केलंय, फार महाग नाही, पण तेवढे बिट्स दुसरीकडून काढावे लागतील आणि मग गवताचे गुण कमी होतील, सरासरी पडेल. ते म्हणाले, हं. आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. कोपर जिथे होतं तिथेच छापलं गेलं. आज मी हेच करतो तेव्हा माझ्या चाचण्यांत एक फीत नेहमी बोलणाऱ्या माणसाची असते, आणि गुण देऊन झाले की प्रेक्षकाला विचारतो, काय म्हणाला तो? सहकाऱ्यांना ही माझी लहर वाटते. फीत कोणी काढून टाकलेली नाही, आणि तिच्यामुळे कुठला बिटरेट वाढलाय असंही नाही.

मधल्या काळात रस्ता आणखी अरुंद झाला. ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा २०१३ मध्ये फोर-जीला गेला, त्या लिलावात सरकारला २.३४ अब्ज पौंड मिळाले. मग ७०० चा पट्टाही २०२० पर्यंत रिकामा करून दिला. एचडीचे गठ्ठे नव्या पद्धतीचे, तेवढ्याच आठ मेगाहर्ट्झमध्ये ४० मेगाबिट नेणारे, ते खरंच चांगलं काम आहे. जानेवारी २०२४ मध्ये बीबीसीने उपग्रहावरची साधी चित्रं बंद केली, जुने डबे कचऱ्यात. आणि मनोऱ्यांवरून टीव्ही पाठवण्याचे परवाने आहेत २०३४ पर्यंत. पुढे सगळं इंटरनेटवर न्यायचं का, याचा खल चालू आहे. इंटरनेटवर बिट्स कमी पडले की चित्राची पायरी आपोआप खाली उतरते. कोणाला विचारत नाही. ज्याची लाइन स्वस्त, त्याची माणसं जास्त पुटपुटणार.

आजी पुढे लेकीकडे राहायला गेल्या, उत्तरेला. जाताना ती वही मला देऊन गेल्या. एका पानावर त्यांनी फितीतलं वाक्य लिहून खोडलंय आणि खाली लिहिलंय, "पाऊस? की बाऊस?" म्हणजे इंग्रजीतलं त्याच जातीचं काहीतरी, मी मराठी करून सांगतोय.

बाबा आता पंचाहत्तरीला आलेत. टीव्हीचा आवाज किती मोठा असतो ते आई सांगते, ते स्वतः मान्य करत नाहीत. परवा व्हिडिओ कॉलवर मी स्वयंपाकघरात भाजी ढवळत बोलत होतो, फोन डब्याला टेकवून. बाबा दोनदा "काय?" म्हणाले. मग म्हणाले, "अरे, जरा उजेडात ये. आणि इकडे तोंड करून बोल."

मी गॅस बंद केला, खिडकीपाशी गेलो आणि फोन उभा धरला.